गोळ्या चालू आहेत आणि बोलणं बदललंय

माझा धाकटा भाऊ मला रोज रात्री साडेआठला फोन करतो. तो आणि आई साताऱ्याला असतात, मी पुण्यात. फोन उचलला की त्याचा पहिला शब्द ठरलेला, ‘ताई’. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका रात्री तो शब्द बाहेरच पडेना. ‘त... त... त...’, मग जोरात घेतलेला श्वास, आणि मग एकदम ‘ताई’. मला वाटलं, रेंज नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री त्यानं ‘ताई’ म्हटलंच नाही, थेट ‘झालं का जेवण?’ असं विचारलं. अडणारा शब्द बाजूला ठेवून तो दुसऱ्या वाटेनं जात होता, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं.

भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय यांचा मनोविकार, आहे. लहानपणी तो कधी तोतरं बोललेला नाही. उलट शाळेत पाठांतराच्या स्पर्धेत बाई त्यालाच उभं करायच्या. त्यामुळे तिशीतल्या माणसाची जीभ अचानक का अडखळायला लागली, याचा घरात प्रत्येकानं आपापला अर्थ लावला. आई म्हणाली, कसलं तरी टेन्शन घेतलंय. मामा म्हणाले, मुद्दाम करतोय, आपलं लक्ष जावं म्हणून. मला वाटलं, आजार पुन्हा उसळला. तिघांचंही चुकलं. गोष्ट गोळ्यांची होती, आणि गोळ्यांच्या आड एका सिगारेटच्या पाकिटाची होती. ते पुढे सांगते.

ज्यांच्या घरात अशा गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हात थरथरणं, वजन वाढणं, सारखी झोप येणं हे दुष्परिणाम आता बहुतेकांना ठाऊक असतात. बोलण्यावर होणारा परिणाम विरळा, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही. आणि ओळखला गेला नाही की त्याचं खापर आजारावर नाहीतर त्या माणसावर फुटतं.

गोळी जिभेपर्यंत कशी पोचते

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमार्फत. त्यांतलं एक डोपामिन. ते स्वतःच एक निरोप्या आहे हे 1950 च्या दशकात स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी दाखवून दिलं, आणि त्या कामासाठी 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच दशकात, 1952 मध्ये, पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं. भास आणि संशय यांवर खऱ्या अर्थानं चाललेलं हे पहिलं औषध. मग हॅलोपेरिडॉल आलं, पुढे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन आणि इतर. प्रत्येकाची तऱ्हा थोडी वेगळी, पण मुख्य काम एकच: डोपामिनचा निरोप जिथून आत शिरतो ते दार थोडं लोटून घ्यायचं.

अडचण अशी की डोपामिन मेंदूत एकाच खात्यात काम करत नाही. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके आहेत. तिथं डोपामिन हालचालींना वळण लावतं: ही सुरू कर, ती थांबव, आता पुढची घे. गोळी रक्तातून फिरते, तिला एकाच खात्याचा पत्ता देता येत नाही. मेंदूच्या स्कॅनवरून दिसलेलं आहे की बहुतेक औषधांच्या बाबतीत डोपामिनची दारं साधारण 65 ते 80 टक्के लोटली गेली की भास कमी होतात, आणि 80 च्या वर गेली की हालचाली बिघडायला लागतात. उपाय आणि अपाय यांच्यात एवढंच अंतर आहे. डॉक्टर डोस इतक्या हळूहळू वाढवतात ते याचसाठी.

आणि बोलणं ही हालचालच आहे. चालणं, लिहिणं याला आपण हालचाल म्हणतो, बोलण्याला म्हणत नाही. पण एक साधं वाक्य उच्चारताना छाती, घसा, जबडा, जीभ आणि ओठ यांतले शंभरच्या आसपास स्नायू एकमेकांच्या तालावर काम करतात. आपली वर्णमाला तर तोंडाचा नकाशाच आहे. क-ख-ग म्हणताना जिभेची मागची बाजू वर जाते. ट-ठ-ड-ण आणि आपला ळ यांना शेंडा मागं वळवावा लागतो. त-थ-द-न ला तो दातांना टेकतो, प-ब-म ला ओठ मिटतात. ‘बाळकडू’ हा एवढासा शब्द घ्या. ओठ मिटून उघडतात, शेंडा मागं वळतो, मग जिभेची मागची बाजू वर जाते, शेंडा पुन्हा मागं वळतो आणि शेवटी ओठ गोल होतात. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. या साखळीत एक कडी जरा उशिरा आली, तरी ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

‘नीट बोलत नाही’ म्हणजे नेमकं काय

बोलणं बिघडण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. जीभ जड होणं, चाचरणं, बोबडी वळणं, दातखीळ बसणं, वाचा बसणं. दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण ‘नीट बोलत नाही हो’ एवढंच सांगतो. माझी कळकळीची विनंती आहे की हे शब्द तिथं वापरा. प्रत्येकामागचं कारण वेगळं असू शकतं आणि त्यावरचा उपायही.

दातखीळ बसल्यासारखं होणं हा सगळ्यांत घाबरवणारा प्रकार. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर, विशेषतः हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर, काही तासांत किंवा पहिल्या चार-पाच दिवसांत तो होतो. तरुण मुलग्यांमध्ये जास्त. जबडा एका बाजूला ओढला जातो, जीभ बाहेर येते किंवा आत वळते, मान वाकडी होते, कधी डोळे वर जातात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं, फक्त शब्द काढता येत नाही. ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अशा मुलाला देवऋष्याकडे नेण्यात रात्र घालवू नका. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन मिळालं तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात स्नायू सैल पडतात. हाच त्रास ओकारीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडनं आणि चक्करवरच्या प्रोक्लोरपेराझिननंही होऊ शकतो, कारण तीही डोपामिनचंच दार लोटतात. घशातले स्नायू आवळले जाऊन श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर मिनिटभरही थांबायचं नाही.

आवाज खाली जाणं हा याच्या अगदी उलट, गाजावाजा न करता येणारा प्रकार. काही आठवड्यांत माणूस घशातल्या घशात, एकसुरी बोलायला लागतो. चेहऱ्यावरचे भाव ओसरतात, चालताना हात हलत नाहीत. घरच्यांना वाटतं उदास आहे, बोलायची इच्छाच नाही. तो पार्किन्सनसारखा ताठरपणा असतो, आणि डोस किंवा औषध बदलून तो बराच कमी करता येतो. यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची सोबतची गोळीही देतात. पुष्कळ घरांत ती ‘पॅसिटेन’ म्हणूनच ओळखली जाते. तिनं तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते आणि शब्द चिकटत चिकटत बाहेर येतात. क्लोझापिन या याच गटातल्या औषधाचं याच्या उलट. लाळ इतकी सुटते की सकाळी उशी ओली असते, आणि माणूस तोंडात पानाचा तोबरा असल्यासारखा बोलतो.

महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर काहींची जीभ तोंडातल्या तोंडात वळवळत राहते, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. माणसाला स्वतःला ते जाणवतंच असं नाही, समोर बसून जेवणाऱ्याला आधी दिसतं. अमेरिकेत 2017 मध्ये व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही दोन औषधं खास यासाठी मंजूर झाली. पण जितकं लवकर सांगाल तितकं बरं, कारण हा प्रकार मुरला की हटायला अवघड असतो.

तोतरेपणा, आणि त्या सिगारेटचं काय

आता माझ्या भावाचं. त्याला क्लोझापिन चालू होतं. या औषधाचा इतिहास माहीत असला तर डॉक्टर त्याला इतकं का जपतात ते कळतं. 1975 मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळून मृत्यू झाले आणि औषध मागं पडलं. मग 1988 मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी, इतर औषधांना दाद न दिलेल्या 268 रुग्णांवर ते तपासलं. सहा आठवड्यांत क्लोझापिनवरच्या 30 टक्के लोकांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली, क्लोरप्रोमाझिनवरच्या 4 टक्क्यांमध्ये. त्यानंतर ते परत आलं, पण रक्ततपासणीच्या अटीवर. आपल्याकडे साधारणपणे पहिले 18 आठवडे दर आठवड्याला आणि पुढे महिन्याला रक्त तपासतात. ज्याला दुसरं काही लागू पडलं नाही, त्याच्यासाठी हे बहुतेक वेळा हाताशी असलेलं शेवटचं औषध असतं.

क्लोझापिनमुळे तोतरेपणा येतो याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्याही बहुतांशी एकेकट्या रुग्णांच्या हकिगतींच्या रूपात. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल यांच्याबाबतही तशा तुरळक नोंदी आहेत. गंमत म्हणजे लहानपणापासूनचा तोतरेपणा कमी करण्यासाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन वापरून पाहिली गेली आहेत आणि काहींना त्याचा फायदाही झालाय. म्हणजे तेच दार एकाच्या बोलण्याला वाट करून देतं आणि दुसऱ्याच्या बोलण्याला अडवतं. याचं एकच कारण ठरलेलं नाही. काहींच्या बाबतीत बेसल गँग्लियातला ताल बिघडतो, काहींच्या बाबतीत तोंडाचे स्नायू बारीक दचके खातात.

तिसरी शक्यता सगळ्यांत महत्त्वाची आहे. क्लोझापिननं फिट येऊ शकते. कमी डोसला हा धोका साधारण 1 टक्का, 600 मिलिग्रॅमच्या वर 4 ते 5 टक्के. काही रुग्णांमध्ये फिट येण्याआधी तोतरेपणा आलेला दिसलाय. त्यामुळे क्लोझापिनवरचा माणूस नव्यानं अडखळायला लागला, हात-पाय मधूनच दचकायला लागले किंवा हातातला कप सुटायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं.

आम्ही आठ-दहा दिवस घालवले. मग मी साताऱ्याला गेले आणि दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भावाला वाचायला वर्तमानपत्र दिलं, ‘प-त-क, प-त-क’ असं भरभर म्हणायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. मग नेहमीचे प्रश्न. झोप? बरी. भूक? बरी. मध्ये ताप वगैरे? गणपतीत आठवडाभर व्हायरल होतं. आणि सिगारेट किती? आई एकदम खुलली. ‘सुटली हो! तापात तोंडाला चव नव्हती, तेव्हापासून एकही ओढली नाही.’ दिवसाला पाकीटभर ओढणारा मुलगा, आईनं त्यासाठी नवस बोलला होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘कधीपासून?’

ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी. क्लोझापिनचा निचरा यकृतातलं एक एन्झाइम करतं. सिगारेटच्या किंवा विडीच्या धुरातले घटक त्या एन्झाइमला जास्त कामाला लावतात. म्हणजे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून औषध भराभर जातं आणि डॉक्टर त्याच हिशोबानं डोस बसवतात. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत एन्झाइम मंदावतं, आणि गोळी तीच असूनही रक्तातलं औषध दीडपट किंवा त्याहूनही वाढू शकतं. ओलान्झापिनलाही हे काही प्रमाणात लागू आहे. वर तापात, शरीरात संसर्ग असताना, हेच एन्झाइम आणखी मंदावतं. माझ्या भावाच्या बाबतीत दोन्ही एकाच आठवड्यात घडलं. लक्षात घ्या, हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून चुना-तंबाखू, मिश्री किंवा गुटखा यांनी हा फरक पडत नाही. त्यांचे बाकीचे अपाय आहेतच, पण सिगारेट सोडून तंबाखू धरली तरी क्लोझापिनच्या दृष्टीनं धूम्रपान सुटलंच. जुलाबावर मेडिकलमधून परस्पर आणली जाणारी सिप्रोफ्लोक्सासिन ही गोळीही या एन्झाइमला अडवते, तेव्हा ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सिगारेट सोडू नका, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सोडाच. फक्त सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते डोस जुळवून घेतील. आणि पुन्हा सुरू झाली तरी सांगा, कारण मग औषध कमी पडायला लागतं.

आजार बोलतोय की गोळी

मी ज्यात चुकले तो मुद्दा. स्किझोफ्रेनियातही बोलणं बदलतं, पण बहुधा ते आशयात. वाक्यांचे सांधे निसटतात, प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, किंवा बोलण्यासारखं काही सुचतच नाही म्हणून एका शब्दात उत्तर. गोळीनं बिघडतं ते बहुतांशी उच्चारात. सांगायचं काय ते त्याला नक्की माहीत असतं, शब्द ओठांवर असतो, फक्त सुटत नाही. भाऊ अडखळत होता तेव्हाही त्याला आईची बीपीची गोळी कुठल्या खणात आहे, विजेचं बिल कधी भरायचंय, सगळं ठाऊक होतं. काय बोलतोय आणि कसं बोलतोय, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले असते तर माझे ते आठ-दहा दिवस वाचले असते. ही कसोटी शंभर टक्के खरी नाही. कॅटाटोनियात, म्हणजे माणूस जागच्या जागी गोठल्यासारखा होतो त्या अवस्थेत, आजारामुळेच वाचा बसते. म्हणून निदान डॉक्टरांवर सोडायचं, आपण फरक सांगायचा.

तो सांगण्यासाठी मला एक गोष्ट फार उपयोगी वाटली. दर रविवारी भाऊ पेपरातला एखादा परिच्छेद वाचतो आणि आई मोबाइलवर रेकॉर्ड करते. मिनिटभराचं काम. वर तारीख आणि त्या आठवड्यातला डोस. दवाखान्यातल्या पाच मिनिटांत माणूस सावरून बोलतो, रेकॉर्डिंगमध्ये खरं काय ते ऐकू येतं. अर्थात हे त्याच्या संमतीनं. आमच्याकडे वाचायचं काय ते तोच निवडतो, आणि बहुतेक वेळा क्रिकेट निवडतो.

गोळी मनानं बंद करायची नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. क्लोझापिन एकदम तोडलं तर आजार जोरात उलटू शकतो. सलग 48 तास चुकलं असेल तर जुन्या डोसवर परस्पर परतायचंही नसतं, पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. डोस थोडा कमी करणं, तो दिवसभरात विभागणं, दुसरं औषध हळूहळू बदलून आणणं, फिटची शंका असेल तर व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध जोडणं, असे बरेच मार्ग डॉक्टरांकडे असतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला मात्र व्हॅल्प्रोएट देताना फार विचार करावा लागतो, त्यानं गर्भाला अपाय होतो.

काही वेळा मात्र फोन करण्यात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं. बोलणं क्षणात बिघडलं आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर तो लकवा असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. अंगात ताप, शरीर लाकडासारखं कडक आणि भान हरपत चाललेलं असेल, तर तो या औषधांचा फार क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा परिणाम असू शकतो. आणि सोबत लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध चालू असेल, तर जड जीभ, मोठी थरथर आणि जुलाब म्हणजे लिथियम रक्तात साचल्याची खूण. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, अंगातलं पाणी आटलं की हे जास्त घडतं.

रात्री-अपरात्री कुणाला विचारायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. औषधाचा दुष्परिणाम रुग्ण किंवा नातेवाईकही सरकारी औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे 1800-180-3024 वर कळवू शकतात. विरळ्या परिणामांची माहिती अशा नोंदींतूनच जमते, म्हणून तो फोन जरूर करावा.

भावाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झाला, त्यात थोडी गडबड होती. डॉक्टरांनी 400 मिलिग्रॅमवरून 25-25 नं कमी करत डोस 300 वर आणला. दुसऱ्या आठवड्यापासून अडखळणं उतरायला लागलं, महिन्याभरात बहुतेक गेलं. खूप दमला असेल तर ‘त’ आणि ‘ब’ अजून कधीतरी अडतात, तेव्हा तो थांबतो आणि मीही थांबते. मामांनी पुढच्या भेटीत त्याच्या पाठीवरून हात फिरवला. फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल पेनानं लिहून दिलंय, ‘सिगारेट सुरू किंवा बंद केल्यास कळवणे’. गेल्या दिवाळीत मित्रांसोबत त्यानं दोन ओढल्या. मला ते रात्री साडेआठच्या फोनवर कळलं. डॉक्टरांना त्यानं सकाळीच सांगितलं होतं.